साडेतीन टनांत बसणारी सहल

इटलीतल्या सरोवरांपैकी कुठलं, गार्डा, कोमो, माज्जोरे की इझेओ? फेब्रुवारीत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न पडला तेव्हा चारही घरांतून एकच उत्तर आलं, "आम्हाला कुठलंही चालेल." ज्याला कुठलंही चालतं त्याच्या मनात एक जागा पक्की असते, हे लग्नाच्या याद्या केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ती जागा तो सांगत नाही. हुकली तरी सांगत नाही. दोन वर्षांनी एखाद्या हळदीकुंकवात त्याची बायको सांगते.

चार घरं म्हणजे म्युनिकची आम्ही दोन, स्टुटगार्टचं एक आणि झ्युरिकचं एक जोडपं. शिवाय यंदा माझे आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेले. ठरलं होतं ते इतकंच की पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुटीत मोटारहोम, म्हणजे आत चूल, बिछाने आणि संडास असलेली गाडी, भाड्यानं घ्यायची आणि आल्प्स ओलांडून इटलीच्या सरोवरांकडे उतरायचं. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमधल्या शाळांना तेव्हा दोन आठवडे सुटी असते. म्हणजे त्याच दोन आठवड्यांत निम्मा दक्षिण जर्मनी ऑस्ट्रियातून इटलीत उतरणाऱ्या ब्रेनरच्या घाटात उभा असतो. झ्युरिकच्यांना सुटी एका सोमवारची. त्यामुळे ते गाडीत राहणार नव्हतेच, चार दिवस येऊन भेटणार होते. आणि हे स्वस्तात पडेल अशी कुणाची समजूत असेल तर ती आधी काढून टाकावी. हंगामातलं भाडं, अनामत, कॅम्पिंगचं रोजचं शुल्क, टोल आणि डिझेल धरलं की चांगलं हॉटेल शरमेनं मान खाली घालत नाही.

मग आम्ही मोटारहोमच का घेतो? कारण आपल्या लोकांना आपलं स्वयंपाकघर बरोबर न्यायचं असतं. बाकीची कारणं नंतर सुचतात.

तर सरोवरं. ही सगळी हिमनद्यांनी कोरलेली. हिमयुगात आल्प्समधून उतरलेल्या बर्फानं दऱ्या खोल खरवडल्या, पुढ्यात दगडमातीचे बांध टाकले, आणि बर्फ हटल्यावर मागे पाणी साठलं. गार्डाचं पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम ६५ मीटरवर आहे आणि त्याची खोली ३४६ मीटर, म्हणजे तळ समुद्राच्याही कितीतरी खाली. कोमो तर ४०० मीटरहून खोल. भूगोलाच्या तासाला हे ऐकायला छान वाटतं. पण सात मीटर लांब आणि आरसे सोडून २.३ मीटर रुंद गाडी हाकायची असेल तर त्याचा अर्थ वेगळा होतो. जो कडा पाण्याखाली सरळ उतरतो तोच पाण्यावर सरळ चढतो, आणि रस्त्याला उरते ती मधली पट्टी.

कोमोच्या पश्चिम काठावरचा रस्ता असाच. एका बाजूला व्हिलांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला घरांचे उंबरे, समोरून बस आली की कुणीतरी मागे जायचं. पूर्वेकडून, लेक्कोहून वर कोलिकोपर्यंत, बोगद्यांचा मोठा रस्ता आहे. उत्तर टोकाला दोमाझो, सोरिको या गावांत कॅम्पिंगही भरपूर. गाडी तिथे ठेवावी आणि बेल्लाज्जोला बोटीनं जावं, हे शहाणपणाचं. मी एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं आणि खाली जोडलं, "म्हणून कोमो नको." पाच मिनिटांत स्टुटगार्टहून उत्तर आलं, "पण मला कोमोच बघायचं होतं." लिहिणारी होती माझी मैत्रीण, जिला आदल्या आठवड्यापर्यंत कुठलंही चालत होतं.

मला बरं वाटलं, खरं सांगते. रस्त्याची रुंदी मधे आली म्हणून ती बोलली. नाहीतर हळदीकुंकवाची वाट बघावी लागली असती.

मग सगळेच बोलले. झ्युरिकच्यांना माज्जोरे हवं होतं, कारण गोटहार्डचा बोगदा संपला की ते जवळजवळ त्यांच्या अंगणातच. आम्हाला मात्र त्यासाठी स्वित्झर्लंडच्या महामार्गांचं वर्षभराचं ४० फ्रँकचं टोल-स्टिकर घ्यावं लागलं असतं. दुसऱ्या म्युनिककरांच्या मुलांना गार्डालँड हवं होतं, १९७५ पासून चालू असलेली तिथली मोठी जत्रा म्हणा. मला स्वतःला इझेओ हवं होतं. त्याच्या मधोमध मोंते इझोला नावाचं बेट आहे, डोंगरच पाण्यातून वर आलेला, आणि त्यावर पाहुण्यांच्या गाड्यांना बंदी. २०१६ च्या उन्हाळ्यात क्रिस्टो या कलावंतानं तिथे पाण्यावर तरंगता केशरी रस्ता अंथरला होता आणि लोक सुल्झानोहून बेटावर चालत गेले होते. सोळा दिवसांत तो काढूनही टाकला. तेव्हा मी जर्मनीत नवीन होते, सुटी मिळाली नाही. आता तिथे केशरी काही नाही हे मला ठाऊक आहे. तरी जायचं आहे.

गार्डा जिंकलं ते सौंदर्यावर नव्हे. उत्तरेला ते अरुंद आणि डोंगरांत कोंडलेलं, पण दक्षिणेला पसरतं, जमीन सपाट होते, मोठमोठी कॅम्पिंग आहेत आणि पेस्किएराला रेल्वे स्टेशन आहे. म्युनिकहून त्याचं उत्तर टोक चारशे किलोमीटरच्या आत. मतं मोजलीच नाहीत. ज्याची हरकत सगळ्यांत कमी ते सरोवर घेतलं.

काटा

जर्मनीत बी वर्गाच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचं वाहन चालवता येतं. भारतातला परवाना बदलून घेतलेल्या आमच्यासारख्यांच्या हाती तेवढाच पडतो. शेजारच्या जर्मन आजोबांनी परवाना १९९९ च्या आधी काढलेला, त्यांना साडेसात टनांपर्यंत मुभा. तो ते मिशीला पीळ दिल्यासारखा दाखवतात. त्यामुळे भाड्यानं मिळणारी बहुतेक मोटारहोम कागदावर बरोबर ३,५०० किलोंची असतात. त्यातले तीन हजारांच्या आसपास तर ती रिकामीच खाते.

रिकामी म्हणजे काय यात मोठी मेख आहे. उत्पादकाच्या आकड्यात ड्रायव्हर धरलेला असतो, ७५ किलोंचा. डिझेलची टाकी जवळजवळ भरलेली धरतात. पाण्याची टाकी मात्र शंभर-सव्वाशे लिटरची असली तरी बऱ्याचदा त्यात २० लिटरच मोजलेले असतात, म्हणजे कागदावर जागा जास्त दिसते. उरलेल्या चारेकशे किलोंत बाकीची माणसं, अंथरुणं, कपडे, खुर्च्या, सायकली, गॅस, उरलेलं पाणी आणि महाराष्ट्र.

बाबा हे सगळं जेवताना ऐकत होते. त्यांची अख्खी नोकरी आमच्याकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. भरली गाडी काट्यावर घ्यायची, गव्हाणीत ऊस उतरला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, वजाबाकी होईल ते खरं. त्यांनी हात धुतले आणि विचारलं, "तुमच्याकडं वही आहे का कोरी?"

त्या संध्याकाळपासून सहलीचा कारभार आमच्या हातातून गेला. बाबांनी न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आणून ठेवला. वस्तू हातात घेऊन उभं राहायचं, मग वस्तूशिवाय उभं राहायचं, फरक वहीत. प्रेशर कुकर, लोखंडी तवा, पोळपाट, मिक्सर, पाच किलो तांदूळ, तेवढीच कणीक. स्टुटगार्टच्या मित्राचा फुगवायचा पॅडलबोर्ड, पंपासकट. व्हिडिओ कॉलवर बाकीच्यांकडूनही हेच करून घेतलं. कुणी अंदाजानं सांगितलं की बाबा म्हणायचे, "काटामारी चालायची नाही," आणि पुन्हा उभं करायचे. ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला हा शब्द किती झोंबतो हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना कळलं नाही, ते हसले. बाबा हसले नाहीत.

तीन कुकर निघाले. प्रत्येक घराचा आपला कुकर, प्रत्येकीचा त्याच्यावरच भरवसा. मोठी बैठक होऊन एकच न्यायचा ठरला. कुणाचा, ते इथे लिहीत नाही, अजून दुखणं ताजं आहे.

गाडी खरी अडली ती माणसांच्या वजनापाशी. प्रौढांची वजनं वहीत लिहायची म्हटल्यावर व्हिडिओ कॉलवर एकदम रेंज गेली. बायका लाजतील असं वाटलं होतं, पण जास्त टाळाटाळ पुरुषांनी केली. शेवटी बाबांनीच वाट काढली, "घराघराची बेरीज सांगा, फोड नको." सगळ्यांनी बेरजा पाठवल्या. त्यांतून कुणाचं किती हे काढता येतं, पण काढायचं नाही असा संकेत न बोलता ठरला.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या भागातल्या सार्वजनिक वजनकाट्यावर माणसांसकट भरलेली गाडी चढवायची आहे. बाबांना तो काटा आधीच दाखवून आणला. त्यांनी प्लेट कशी बसवली आहे हे वाकून पाहिलं, माणसाला मराठीतच दोन प्रश्न विचारले आणि समाधानानं परतले.

पाणी आणि त्यानंतरचं

शंभर लिटर पाणी चार माणसांना, आंघोळी गाडीत केल्या तर, एक दिवस धड पुरत नाही. म्हणून आंघोळ कॅम्पिंगच्या न्हाणीघरात, भांडी तिथल्या ओट्यावर. हे पटवायला वेळ लागला नाही. खरा विषय पुढे होता.

मोटारहोमच्या संडासाखाली एक कॅसेट असते. वीसेक लिटरची चपटी पेटी, बाहेरच्या बाजूनं छोटं दार उघडून ओढायची, कॅम्पिंगमधल्या ठरलेल्या कुंडीपर्यंत न्यायची, ओतायची, धुवायची, निळं रसायन घालून परत बसवायची. चार माणसांनी वापरली तर एक-दोन दिवसांत भरते. आमच्या आधीच्या सगळ्या गप्पांत या पेटीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. जेवणाचा मेनू नाश्त्यासकट ठरला होता, चौथ्या दिवशी मिसळ होती, पण पेटी कोण रिकामी करणार हे नव्हतं.

आईनं विचारलं. आधी विचारलं, "आत पाणी असतं ना गं? तांब्या न्यायचा ना?" तांब्या वहीत चढला. मग विचारलं, "आणि ते टाकतं कोण?"

एक गृहस्थ म्हणाले, "काकू, ते करू आपण कोणीतरी." आई कणकवलीची. तिच्या माहेरी अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव देवाच्या नावासारखं घेत. हा माणूस रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करायला मिळावं म्हणून उपोषणाला बसला होता, आणि पुढे कणकवलीला गोपुरी आश्रम काढून मैल्याचं खत करणारे साधे संडास त्यानं कोकणात लोकांना बांधायला शिकवले. आईचे वडील ते काम पाहून आलेले. तर आई म्हणाली, "'कोणीतरी' असं म्हणूनच आपल्याकडं ते पिढ्यान् पिढ्या एकाच्या गळ्यात पडलं. नावं लिहा."

कॉलवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग यादी झाली. त्यात सगळे प्रौढ आहेत, झ्युरिकचेही, जरी ते गाडीत राहणार नाहीत. आईनं स्वतःचं नाव घालायला लावलं. बाबांनी तिचं नाव खोडून तिथे आपलं दोनदा लिहिलं. त्यावर दोघांचं काय बोलणं झालं ते बंद दाराआड झालं.

सहा अँपिअर

कॅम्पिंगच्या जागेवर निळ्या प्लगचा खांब असतो. इटलीत पुष्कळ ठिकाणी त्यातून ६ अँपिअर मिळतात, काही ठिकाणी त्याहूनही कमी. २३० व्होल्टनं गुणलं की १,३८० वॉट. घरची पाणी उकळायची विजेची किटली एकटीच दोन हजार वॉट ओढते. इंडक्शनची शेगडीही तशीच. म्हणजे चहाचं पाणी ठेवलं की खांबातला फ्यूज खट्कन पडणार, आणि तो वर करायला ऑफिसातल्या माणसाला शोधायचं. मिक्सर चालतो. इडली बाद, कारण रात्री पीठ आंबवायला गाडीत ऊब नसेल, आणि सकाळी तीन घरांसाठी दोन बर्नरवर इडल्या वाफवत बसायचं तर सरोवर बघायचं कधी?

गॅसचंही असंच. जर्मन सिलिंडर इटलीत बदलून मिळत नाही, त्यामुळे नेऊ तेवढाच. आमच्या हिशेबानं पुरेल. पुरला नाही तर इटलीत जेवायला मिळतं, याची आठवण माझ्या मुलीनं करून दिली. या योजनेतलं ते सर्वांत समजूतदार वाक्य आहे असं मला वाटतं, पण वहीत त्याला रकाना नाही.

बहुतेक कॅम्पिंगमध्ये दुपारी एक ते तीन शांतता पाळतात. फाटक बंद, गाडी आत घेत नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही. पुण्यात वाढलेल्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. कुकरच्या शिट्ट्या मात्र बाराच्या आत व्हायला हव्यात.

एकत्र म्हणजे किती एकत्र

सगळ्यांत जास्त वाद झाला तो गाड्या एकामागोमाग चालवायच्या की नाही यावर. आपल्याला ताफा आवडतो. पुढच्यानं थांबायचं, मागच्यानं हॉर्न द्यायचा, सगळ्यांनी एकाच ठिकाणी चहा घ्यायचा. ब्रेनरच्या रस्त्यावर, सुटीच्या शनिवारी, हे करायला गेलं की माणसं आरशात बघत गाडी चालवतात आणि समोरचं दिसत नाही. शिवाय ऑस्ट्रियात ब्रेनरच्या महामार्गाला स्टिकरखेरीज वेगळा टोल, इटलीत शिरल्यावर तिकीट घेऊन बाहेर पडताना पैसे, आणि ऑस्ट्रियाच्या बाजूला लुएगच्या जुन्या पुलावर दुरुस्तीमुळे २०२५ पासून बहुतेक वेळ एकच मार्गिका. तीन गाड्या तिथे एकत्र राहतीलच कशा?

मी म्हटलं, ताफा नको. ज्याला पहाटे चारला निघायचं त्यानं निघावं, ज्याला आदल्या रात्री ब्रेनर उतरून स्टेर्झिंगला झोपायचं त्यानं झोपावं. संध्याकाळी सहाला भेटू. स्टुटगार्टचा मित्र दुखावला. त्याचं म्हणणं, "मग एकत्र जातोय कशाला?"

हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. पण एवढं दिसतं की आम्ही इथे वर्षभर एकमेकांना कार्यक्रमांतच भेटतो. गणपती, दिवाळी, कुणाचा तरी पन्नासावा वाढदिवस. तीन तास, नीटनेटके कपडे, भरपूर फोटो. एकमेकांना कंटाळलेलं, भुकेलेलं, पायजम्यात बघायला मिळत नाही. सहलीत ते मिळतं. पण त्यासाठी चोवीस तास चिकटून राहायची गरज नाही, उलट दिवसभर दूर राहिलं तरच संध्याकाळी सांगायला काही असतं. ताफ्यातल्या माणसांनी एकच ट्रॅफिक जाम पाहिलेला असतो.

मित्राला हे पटलं असं नाही. तो त्याच्या गाडीनं ऑस्ट्रियातल्या फर्नपास घाटाकडून येणार, तेव्हा तसाही त्याचा रस्ता वेगळा. भूगोलानं पुन्हा एकदा वाद मिटवला.

दुसरा मोठा भ्रम म्हणजे मोटारहोम घेतली की हवं तिथे राहता येतं. इटलीच्या वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमात पार्क करणं आणि तळ ठोकणं यांतला फरक दिलेला आहे. गाडी फक्त चाकांवर उभी असेल, आपल्या आकाराबाहेर जागा अडवत नसेल, सांडपाणी सोडत नसेल, तर ती पार्क केलेली. गाडीच्या बाजूचं कापडी छत बाहेर काढलं, खुर्ची मांडली की तळ ठोकला, आणि तो ठरलेल्या जागीच. गार्डाच्या काठी तर उन्हाळ्यात गाडी उभी करायलाच जागा शोधावी लागते. जुन्या गावांत शिरायचा मोह झाला तर तिथे बंदी असलेल्या भागांवर कॅमेरे असतात. दंडाचं पत्र काही महिन्यांनी भाड्यानं देणाऱ्या कंपनीमार्फत घरी येतं, कंपनीच्या शुल्कासकट. मागे सायकली लावल्या असतील तर इटलीत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी लागते. ती आणली आहे. वहीत आहे.

त्यामुळे योजना शेवटी अशी झाली की पहिले तीन दिवस उत्तरेला. तिथली कॅम्पिंग लहान, तीन शेजारच्या जागा मिळाल्याच नाहीत, म्हणून तीन घरं तीन ठिकाणी, तोर्बोले आणि रिव्हा यांच्या मधे. सकाळी तिथे उत्तरेकडून पेलेर वारा वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ओरा येतो, आणि त्या ओऱ्यावर जगभरची शिडवाली पोरं पाण्यावर पळत असतात. पॅडलबोर्ड दुपारी काढायचा नाही, असं मी मित्राला लिहिलं आहे. तिथून पश्चिम काठानं, १९३१ साली खुल्या झालेल्या रस्त्यानं जायचं का, यावर चर्चा झाली. सत्तरच्या आसपास बोगदे आहेत त्यात, आणि तो होईपर्यंत वाटेतल्या लिमोने गावाला बोटीनं नाहीतर डोंगरवाटेनंच जावं लागायचं. लिमोने बोटीनंच बघू, असं ठरलं. बोगद्यात समोरून बस आली तर माझा नवरा डोळे मिटेल अशी मला भीती आहे. गाडी बहुतेक मीच चालवणार.

मग आठवडाभर पेस्किएराजवळ, सगळे एकाच कॅम्पिंगमध्ये. आणि तिथे गाड्या हलवायच्याच नाहीत. मिन्चो नदी गार्डातून तिथेच बाहेर पडते, तिच्या काठानं मांतोव्हापर्यंत चाळीसेक किलोमीटर सपाट सायकलवाट आहे. बोटी आहेत. वेरोना रेल्वेनं जवळ. आणि ब्रेशियाला गाडी बदलून इझेओला रेल्वेनं जाता येतं, हे मी शोधून काढलं आहे. माझ्याबरोबर कोण येतंय असं ग्रुपवर विचारलं तेव्हा कुणी "चालेल" म्हटलं नाही. दोघी म्हणाल्या "येतो", बाकीचे म्हणाले "नको, आम्ही पाण्यात बसतो". ही प्रगतीच म्हणायची.

एवढे पैसे भरून फिरतं घर घ्यायचं, ते एका जागी लावायचं आणि फिरायला रेल्वे धरायची, यातला विनोद बाबांच्या लक्षात आला. "म्हणजे गाडी ही भांडीकुंडी न्यायला," ते म्हणाले. पंढरीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक पुढे जाऊन मुक्कामी चूल मांडतो आणि माणसं मागून आपापल्या पायांनी येतात, तसंच काहीसं हे.

आई-बाबांची बस

आमच्या गाडीत पट्ट्याच्या सीटा चार. मुलं दोन, आम्ही दोन. आई-बाबांना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर शिडीनं चढवणं शक्य नव्हतं आणि वहीतही ते बसत नव्हते, हे बाबांनीच दाखवलं. म्हणून त्यांच्यासाठी पेस्किएराच्या कॅम्पिंगमध्ये लाकडी पायऱ्यांचं तयार घरकुल घेतलं, दोन खोल्यांचं. एक खोली आई-बाबांना, एक झ्युरिकच्या जोडप्याला, असा माझा बेत. झ्युरिकची मंडळी लगेच म्हणाली चालेल. बाबा म्हणाले चालेल. आई म्हणाली, "मला नाही चालणार. संडास एक आहे." सगळ्या सहलीत इतक्या सरळ शब्दांत आलेला हा पहिला नकार. झ्युरिकच्या मुलीनं मला वेगळा मेसेज पाठवला, "काकूंना थँक यू सांग." दुसरं घरकुल घेतलं.

उत्तरेला त्यांच्यासाठी छोटं हॉटेल आहे. म्युनिकहून वेरोनाला जाणारी गाडी ब्रेनरवरून रोव्हेरेतोला थांबते, साधारण पाच तास. तिथून तोर्बोलेला बस. मी म्हटलं, तुम्ही स्टेशनवर थांबा, आम्ही घ्यायला येतो. पण मधल्या काळात मी बाबांना त्या रस्त्याची गोष्ट सांगून बसले होते.

१४३९ साली ब्रेशिया शहर व्हेनिसच्या बाजूचं होतं आणि मिलानच्या व्हिस्कोंटी घराण्याच्या वेढ्यात सापडलं होतं. मदत पोचवायची तर गार्डावर आरमार हवं, आणि गार्डाचं दक्षिण टोक मिलानच्या ताब्यात. तेव्हा व्हेनिसनं हिवाळ्यात आपली जहाजं आदिजे नदीतून वर रोव्हेरेतोच्या बाजूला आणली, पाण्याबाहेर काढली, आणि बैल जुंपून, लाकडाच्या ओंडक्यांवरून, मोरीमार्गे डोंगरात चढवली. वाटेत लोप्पिओ नावाचं छोटं सरोवर होतं, तेवढं ती तरंगत गेली. मग पुन्हा ओढायची, नागोच्या खिंडीपर्यंत. तिथून तोर्बोलेचा उतार इतका तीव्र की जहाजं दोरांनी मागून धरून, इंचाइंचानं पाण्यात उतरवली. लहानमोठी मिळून तीसेक. लोप्पिओचं सरोवर आता नाही. आदिजेच्या पुराचं पाणी गार्डात सोडायला १९५० च्या दशकात डोंगरातला बोगदा खणून पुरा केला, तेव्हा ते आटून गेलं. आता तिथे दलदल आहे.

आमचा रस्ता तोच. रोव्हेरेतोहून मोरी, लोप्पिओ, नागो, तोर्बोले. बाबांनी नकाशावर बोट फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "एका जहाजाचं वजन किती असेल?" मी म्हटलं, तिथे काटा नव्हता. मग ते बैलांकडे वळले. एका जोडीला चढावर किती ओढवतं, उसाची गाडी किती, ओली वाट असेल तर किती, असा अर्धा तास हिशेब झाला, आणि आकडे वहीच्या मागच्या पानावर गेले.

आता त्यांना मोटारीनं यायचंच नाही. बसमधून बघायचं आहे, खिडकीची जागा धरून, शक्य असेल तर लोप्पिओपाशी उतरून आणि पुढची बस घेऊन. आई म्हणते, दलदल बघायला उतरणारा हा एकटाच असेल. पण दोघांची तिकिटं काढून झाली आहेत. काल रात्री बाबांनी ग्रुपवर पहिल्यांदाच स्वतःच्या फोनवरून मेसेज टाकला. त्यात त्यांच्या गाडीची वेळ होती, बसची वेळ होती, आणि खाली लिहिलं होतं : "आमच्यासाठी कोणी थांबू नये. पहिल्या दिवशी पेटीची पाळी स्टुटगार्टची आहे."